डावीकडचा सोबती

४ ऑक्टोबर, मंगळवार

पोचले एकदाची! वन्जू शहरातून सकाळची बस धरली, तिसऱ्या घाटाला बस लागली, ड्रायव्हरने पुलापाशी उतरवलं आणि वर बोट दाखवून निघून गेला. पाठीवर गाठोडं, हातात बुन-हीने दिलेला तांदळाच्या वड्यांचा डबा, आणि अर्ध्या तासाचा चढ. गुडघे कुरकुरले, पण हवा अशी की छाती भरून घ्यावी. डोंगर सगळा लाल-पिवळा झालाय.

बुन-ही स्टँडवर सोडायला आली होती. धाकटी असून तोंड मोठं. म्हणे, एक्कावन्नाव्या वर्षी बायका गुडघ्यांना मलम चोळतात, आमची ताई देवाला वरायला निघाली! सगळी रांग हसली. मग बस हलली तशी स्वतःच पदरात तोंड घालावं तशी मफलरमध्ये तोंड घालून रडली.

तिला काय सांगू? सांग-गू जाऊन सहा वर्षं झाली. खाणीची धूळ त्याची फुप्फुसं खाऊन गेली, आणि मागे उरलं ते घर. तो शिट्टी वाजवत जिना चढायचा, ती शिट्टी गेली. मी टीव्ही लावून ठेवायचे, बघायला नाही, कुणाचा तरी आवाज असावा म्हणून. शाळेच्या स्वयंपाकघरात दिवसभर आठशे पोरांचा कालवा आणि संध्याकाळी भाताच्या कुकरशी गप्पा. एकटेपणाचाच कंटाळा आला. बाकी काही नाही.

फाटकात कोबीच्या वाफ्यात गमबूट घातलेली एक म्हातारी खुरपत होती. मी विचारलं, आजी, मोठ्या सिस्टर कुठे भेटतील? ती म्हणाली, आत्ता चिखलात आहेत, काय काम काढलंस? त्याच सिस्टर बिबियाना! अडुसष्ट वर्षांच्या, पण हसणं गडगडाटी, दगड घरंगळत यावा तसं.

घरात आम्ही चौघी. बिबियाना, मिस्सेची, म्हणजे देवळातल्या उपासनेची, भाकर भाजणाऱ्या सिस्टर कोलुम्बा, अंथरुणाला खिळलेल्या सिस्टर पर्पेतुआ आणि आता मी, अपोलोनिया. स्वयंपाकघर माझं. इथे लांबलचक प्रार्थना नाहीत, कडक उपास नाहीत. एकच सराव. हातात कुठलंही काम असो, श्वास घेताना मनात म्हणायचं ‘तू’, सोडताना ‘आहेस’. तू आहेस. तू आहेस. भांडी घासताना, कोबी चिरताना, परसाकडे जातानासुद्धा. बिबियाना म्हणाल्या, देव देवळात बसून कंटाळतो गं, त्याला स्वयंपाकघर आवडतं.

ही वही त्यांनीच दिली. दुपारची भांडी आवरली की रोज चार ओळी लिही, म्हणाल्या, आज तो कुठे भेटला ते. कोणी वाचणार नाही.

आज भेटला नाही. पण बटाटे छान शिजले.

७ ऑक्टोबर, शुक्रवार

आज कोलुम्बांचं काम पाहिलं. मीठ नाही, खमीर नाही, नुसतं पीठ आणि पाणी. दोन तापलेल्या लोखंडी पाट्यांमध्ये ओतायचं, दाबायचं, चर्र आवाज होतो आणि कागदासारखी पांढरी भाकर निघते. मग दमट फडक्यात ठेवून गोल चकत्या कापायच्या. उरलेल्या कडा आम्ही तिळाच्या तेलात परतून खातो. अख्ख्या प्रांतातल्या देवळांना इथून भाकर जाते.

कोलुम्बा चाळिशीच्या असतील. सारख्या हसतमुख. मी विचारलं, गाव कुठलं तुमचं? हसल्या आणि म्हणाल्या, माहीत नाही. माझी फिरकी घेतली वाटतं.

पर्पेतुआआजींना भरवायचं काम माझ्याकडे आलंय. चौऱ्याऐंशी वर्षांच्या, खोली स्वयंपाकघराला लागूनच. पेजेचा पहिला चमचा तोंडाशी नेला तर म्हणाल्या, बोल गं. काहीही बोल, पण थांबू नकोस. मग मी शाळेतला किस्सा सांगितला, हेडमास्तर समुद्री शेवाळाचं सार चाखायला वाकले आणि त्यांचा केसांचा टोप पातेल्यात पडला, आणि रांगेतल्या एका मुलाने तो डावाने वाढूनही घेतला! आजी इतक्या हसल्या की पेज नाकातून आली. मग एकेक नाव विचारत बसल्या. हेडमास्तरचं नाव काय? बायकोचं? त्या मुलाचं? मी सांगितलं की तेच नाव ओठांत घोळवायच्या, खडीसाखर चघळावी तशा.

१५ ऑक्टोबर

सराव जमत नाही. ‘तू आहेस’ म्हणत सुरुवात करते आणि पाच मिनिटांत मन बुन-हीच्या जावयाच्या नोकरीत. बिबियानांपाशी रडगाणं गायले. त्या म्हणाल्या, देव म्हणजे काय दूध आहे का, नजर वळली की उतू जायला? विसरलीस की पुन्हा म्हण. रागावू नकोस.

बुन-हीला पत्र टाकलं. तिचं आलंय. त्यात निम्मं पान सुनेच्या तक्रारी.

२३ ऑक्टोबर, रविवार

भांडी तशीच टाकून वही उघडलीय.

सकाळी तांदूळ धूत होते. दुसरं पाणी. ‘तू’ म्हणून श्वास घेतला आणि ‘आहेस’ म्हणायच्या आधीच कळलं की तो आहे. दिसलं काही नाही, ऐकू काही आलं नाही. माझ्या डाव्या खांद्यामागे कोणीतरी येऊन उभं राहिलं. आपल्या माणसाची चाहूल जशी न बघता कळते, तशी. त्या बाजूची हवा उबदार आणि जड. मी हलले नाही. तांदळाचं पांढरं पाणी बोटांतून वाहत राहिलं आणि मी नळापाशी उभी राहून लहान पोरीसारखी रडले.

सहा वर्षांनी मी एकटी नाही.

बिबियानांना सांगितलं तर त्यांनी मला घट्ट धरलं. मग विचारलं, डाव्या बाजूला ना? मी हो म्हटलं. आमच्या सगळ्यांच्या डावीकडेच असतो, म्हणाल्या. काही मागितलं का त्याने? मी म्हटलं, नाही, नुसता उभा आहे. तर म्हणाल्या, तो मागत नाही कधी.

२९ ऑक्टोबर

सहा दिवस झाले, क्षणभर हलला नाही. बटाटे सोलते, तो आहे. चूल पेटवते, तो आहे. आता शब्द म्हणावे लागत नाहीत, श्वासच म्हणतो. दळणाच्या गोण्या उचलल्या तर ओझं वाटलं नाही. रेडिओ लावावासा वाटत नाही, बोलावंसं वाटत नाही. याला सुख म्हणत असतील तर आजवर मी जे चाखलं ती नुसती फोडणी होती.

एक मात्र झालं. पर्पेतुआआजींच्या खोलीत पेज घेऊन गेले तर त्यांची नजर माझ्या तोंडावरून सरकून खांद्यामागे गेली. आला ना, म्हणाल्या. मी हसून मान हलवली. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. बाई गं, इतक्या लवकर, एवढंच म्हणाल्या. पेज तशीच राहिली.

शाळेत माझ्याबरोबर बारा वर्षं भात शिजवणाऱ्या बाईचं नाव आठवेना त्यांना सांगायला. वय झालं माझंही.

२ नोव्हेंबर, बुधवार. मृतांचा दिवस

आज सगळ्यांनी आपापल्या मेलेल्या माणसांसाठी प्रार्थना केली. मी मेणबत्ती लावली, डोळे मिटले, सांग-गूचा चेहरा समोर आणायला गेले.

आला नाही.

पुन्हा प्रयत्न केला. खाणीत होता, माहीत आहे. खोकायचा, माहीत आहे. आमचं लग्न मार्चात झालं, बर्फ वितळत होतं, माहीत आहे. सगळी माहिती जिथल्या तिथे, पण माणूस नाही. खोलीत जाऊन गाठोड्यातला फोटो काढला. फोटोत एक माणूस आहे. कान मोठे आहेत. कोणीही असेल.

ही वही मागे उलगडून पाहिली. मी लिहिलंय, तो शिट्टी वाजवत जिना चढायचा. वाचलं आणि वाटलं, कुणाचा नवरा असेल बिचारीचा.

आणि डावीकडे तो उभाच आहे. उबदार. तसूभर हललेला नाही.

९ नोव्हेंबर

हिवाळ्याच्या किमचीचा घाट. एकशे वीस कोबी मिठात मुरवून, धुऊन, पानापानात तिखट भरायचं. आम्ही तिघी ओट्यावर बसलो होतो. हात लाल, नाकं गळतायत. मी सहज विषय काढला. विचारलं, सिस्टर, तुमच्या आईच्या हातची किमची कशी असायची? कोलुम्बा हसल्या. बिबियानांचा हात कोबीत थांबला. मग म्हणाल्या, चांगलीच असणार गं, आयांची असतेच. आणि पान उलटलं.

दुपारी आजींना भरवायला गेले आणि दार लावून स्पष्टच विचारलं, हे काय आहे?

त्या हळू बोलल्या, पण सलग. त्या म्हणाल्या, आम्ही आठ भावंडं. मी पाचवी. एवढं पाठ केलंय म्हणून सांगता येतं. बाकी एकाचंही नाव नाही, तोंड नाही. माणूस म्हणजे एक खोलीचं घर गं. हा पाहुणा आला की घरची माणसं एकेक करून अंगणात, आणि मग अंगणातूनही जातात. त्याने कधी कुणाला हाकललं नाही. मीच जागा करून दिली. चाळीस वर्षं. आता आत तो आहे आणि मी आहे, आणि मीही फार नाही. म्हणून म्हणते बोल. तुझी माणसं दे मला थोडी. दोन दिवस पुरतात.

मी विचारलं, जा म्हटलं तर जात नाही?

तर हसल्या. म्हणाल्या, श्वास घ्यायचा थांबवून बघ.

बघितलं. डोळ्यांपुढे काजवे येईपर्यंत. मग श्वास आलाच. आत येताना ‘तू’. बाहेर जाताना ‘आहेस’.

१३ नोव्हेंबर, रविवार

फादर बे महिन्याच्या मिस्सेला आले. मी पापनिवेदनाला बसले आणि सगळं सांगितलं. नवऱ्याचा चेहरा, आजींची भावंडं, सगळं. वाटलं, ओरडतील, नाहीतर कुठे तरी घेऊन जातील मला.

ते पुढे वाकले. मग म्हणाले की मोठमोठ्या संतांनी यासाठी जन्म घालवले. जुने लोभ सुटणं हीच तर कृपा. आणि मग आवाज घोगरा झाला. मी अकरा वर्षं वेदीवर उभा राहतोय ताई, म्हणाले, एकदाही कोणी माझ्या शेजारी आलं नाही. एकदाही. तुम्ही श्वास नेमका कसा घेता?

बाईपुढे हात जोडलेला पाद्री मी पहिल्यांदा पाहिला. डोळे भरून आले होते बिचाऱ्याचे.

मी म्हटलं, फादर, मला तेही आठवत नाही हो.

देवाघरी खोटं बोलले. सुटले असं वाटलं. क्षणभरच.

१८ नोव्हेंबर

पर्पेतुआआजी गेल्या. सकाळी दहाला, लख्ख उन्हात.

लिहायलाच हवं. आम्ही तिघी भोवती बसलो होतो. बिबियाना जपमाळ म्हणत होत्या. आजी शांत होत्या, डोळे मिटलेले, श्वास बारीक. मला वाटलं, निदान आता तरी. चाळीस वर्षं सगळं त्याला दिलं, आता तो त्यांना जवळ घेईल. याच्याचसाठी असेल हे सगळं.

त्यांनी एकदम डोळे उघडले. मान डावीकडे वळवली. बघत राहिल्या. मग उजवीकडे. मग त्या ओरडल्या. असा आवाज त्या एवढ्याशा छातीतून निघेल असं वाटलं नव्हतं. गेला! म्हणाल्या. तो गेला! कोणी नाही इथे! अगं कोणीच नाही गं!

मी हात धरला. मी आहे आजी, म्हटलं. त्या माझ्याकडे बघत होत्या आणि मी त्यांना दिसत नव्हते. माणसाला जो ओळखतो तो कोपराच आत उरला नव्हता. पाव तास ‘कोणी नाही, कोणी नाही’ म्हणत होत्या. मग तेही थांबलं.

आणि त्याच घटकेला माझी डावी बाजू जड झाली. बाकावर आपल्या शेजारी एक माणूस बसलेला असतो आणि दुसरा येऊन टेकतो, बाक कसा कलतो — तसं.

कोलुम्बा हसत होत्या. मग पाहिलं, बिबियानांनी हात आपल्या डाव्या खांद्यावर नेला होता. चाचपून बघत होत्या. तो आहे ना अजून, म्हणून.

१९ नोव्हेंबर

त्यांना पुरून आलो. जमीन गोठलेली, कुदळ लागेना.

परतताना मी बिबियानांना गाठलं. म्हटलं, तुम्हाला माहीत होतं. शेवटी तो सोडून जातो, तुम्हाला माहीत होतं.

त्यांनी गमबुटाला गोठलेली माती काठीने खरवडली. म्हणाल्या, याआधी दोघींना पोचवलंय मी. दोघीही असंच ओरडल्या.

मग मला का शिकवलंत? मी ओरडलेच. पहिल्याच दिवशी, हसत हसत!

त्या म्हणाल्या, तू एकटी होतीस ना? मीही होते. आता मला माझ्या आईचं नाव आठवत नाही, गाव आठवत नाही. तो निघून गेला तर आत काय आहे माझ्या? पोकळ भोपळा. मरेपर्यंत निदान तो आहे. आणि जितक्या जास्त जणी, तितका तो या घरात राहतो. मला भीती वाटते गं, अपोलोनिया.

तो देव आहे का, विचारलं.

म्हणाल्या, दुसरा कोणी आजवर आला नाही.

२२ नोव्हेंबर

पळाले. गाठोडंही घेतलं नाही. उतार धावत उतरले, पुलापाशी बस आली. ड्रायव्हरने विचारलं, कुठलं तिकीट देऊ?

मला सांगता येईना. शहराचं नाव येत होतं. पण तिथे कोणाकडे? कुणाच्या तरी दारात जायला हवं होतं मला. एक दार होतं. तिथे एक तोंडाळ बाई होती, माझ्या रक्ताची —

ड्रायव्हर म्हणाला, मावशी, लवकर बोला, लोक खोळंबलेत.

दार लागलं. बस गेली. मी चढ चढून परत आले.

या वहीत नाव आहे. बुन-ही. आत्ता वाचलं. बुन-ही, बुन-ही. आजी करायच्या तसं घोळवून बघितलं. गोडी नाही. काहीच चव नाही.

२५ नोव्हेंबर

बर्फ. भात करपला. मी बघत उभी होते.

आता तो नुसता उभा नसतो. टेकलेला असतो.

२७ नोव्हेंबर

एक बाई आली. बर्फातून, एकटी, दोन पिशव्या घेऊन. मला बघून पिशव्या टाकल्या आणि गळ्यात पडली. ताई, तीन पत्रं टाकली, उत्तर नाही! जिवंत आहेस की नाही म्हणून बघायला आले! मी म्हटलं, बसा, पेज घ्या. कुठून आलात?

तिचं तोंड बघवेना. माझे गाल दोन्ही हातांत धरले तिने. थट्टा करू नकोस गं, म्हणाली. ताई, मी आहे.

मी आहे. हेच मी आजींना म्हटलं होतं.

आत येऊन वही उघडली. ही ती बुन-ही असणार. ओळख पटली नाही. पण रडू आलं. कुठून आलं कोण जाणे.

३० नोव्हेंबर

ती जात नाही. ताईला या अवस्थेत टाकून कशी जाऊ, म्हणते. तिची सून वगैरे आहे, तिला सोडून राहिलीय. माझे केस विंचरते. कुणाकुणाचे किस्से सांगते. मला भरवते.

बिबियाना तिच्याशी गोड वागतात. तिला गमबूट दिलेत.

जा म्हणायचं तिला. तोंड उघडते आणि — ‘तू आहेस’ एवढंच येतं. ती खुश होते. म्हणते, हो गं ताई, मी आहे इथेच.

३ डिसेंबर

आज ऐकलं. स्वयंपाकघरात. बिबियानांचा आवाज. श्वास घेताना — सोडताना —

ती बाई म्हणाली, एवढंच? हे तर सोपंय!

ताईलाही बरं वाटेल का याने, विचारत होती.

५ डिसेंबर

बोलता येत नाही, पण हात अजून माझा आहे. लिहिता येतं. पान फाडून तिच्या पिशवीत घालीन. मोठ्या अक्षरात.

तू कोण ते मला आठवत नाही. तरी जा. माझ्यासाठी थांबू नकोस, माझ्यात कोणी नाही. श्वासावर काही म्हणू नकोस. सुनेशी भांड. नातवंडांना मार, मग जवळ घे. माणसांत राहा. तांदूळ धुताना गाणं म्हण, मोठ्याने, वाईट गाणं म्हण —

हात जड होतोय. तो आता हातावर —

दुपार

फाडत होते. आतून तिने हाक मारली. हसत होती ती. रडत होती. दोन्ही. नळ वाहत होता.

ताई, लवकर ये! अगं माझ्या डाव्या बाजूला कोणी —

नाही. नाही, बुन-ही, वळू नकोस, मी आले, मी येते, तू आहेस तू आहेस तू